आकाशातला दगड आणि आमच्या घरची शिट्टी

माझे सासरे दगडाच्या खाणीत सुरुंग लावायचे. उभा जन्म त्यात गेला आणि हाताची दहाही बोटं शाबूत ठेवून ते निवृत्त झाले. त्या धंद्यात ही मोठी पदवी समजतात. खाणीची पद्धत अशी, की आधी भोंगा वाजायचा, माणसं लांब जाऊन उभी राहायची, मग धडाका व्हायचा. धूळ बसली की सुरुंग लावणारा एकटा आत जायचा. एखादा सुरुंग न फुटता राहिलाय का, वर एखादा दगड सुटून लोंबकळतोय का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि सगळं ठीक असेल तरच शिट्टी वाजवायचा. ती ऐकू आल्याशिवाय मुकादमसुद्धा पाऊल पुढे टाकत नसे.

निवृत्तीनंतर ती शिट्टी त्यांच्याबरोबर घरी आली. सिलिंडर बदलला की सासरे शेगडीपाशी जाऊन आधी वास घेणार, मग शिट्टी. फरशी पुसली की आधी स्वतः चालून बघणार, मग शिट्टी. नवी खुर्ची आणली तेव्हा ते तिच्यावर बसले, डावी-उजवीकडे हलले, पाठ टेकून बघितली आणि मगच बाकीच्यांना बसायची परवानगी मिळाली. नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा मला वाटलं, धडाक्यांचा यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. आता शिट्टी झाल्याशिवाय मीही ओल्या फरशीवर पाय ठेवत नाही.

सासूबाई तर त्या शिट्टीवरच जगल्या. ती दोघं खाणीजवळच्या क्वार्टरमध्ये राहायची तेव्हा धडाका झाला की त्यांचा हात असेल तिथे थांबायचा. दूध उतू गेलं तरी चालेल, पण शिट्टी ऐकू आल्याशिवाय त्या जागच्या हलत नसत. एकदा शिट्टीला फार उशीर झाला, तेव्हा पिठाच्या हातांनी फाटकापर्यंत धावत गेल्या होत्या. हे त्या हसत हसत सांगतात, पण सांगताना दर वेळी मध्येच थांबून पाणी पितात.

अशी ही बाई म्हातारपणी घाबरली ती आकाशातल्या दगडाला. झालं असं, की त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि त्याच आठवड्यात टीव्हीवर एक माणूस घसा फोडून सांगायला लागला, की बसएवढा दगड पृथ्वीच्या जवळून जाणार आहे. जवळून म्हणजे चंद्राच्याही पलीकडून, पण तेवढं त्याने हळू आवाजात सांगितलं. सासूबाईंनी टीव्ही बंद केला आणि जाहीर केलं, की दगडाचं काय ते कळेपर्यंत ऑपरेशन नाही. डोळ्याला पट्टी असताना तो पडला तर पळायचं कसं? मी म्हटलं, डायनासोरांच्या डोळ्यांना कुठे पट्टी होती, ते पळाले का? हे मी बोलायला नको होतं. तोपर्यंत त्यांना डायनासोरांचं माहीत नव्हतं.

तो दगड मुकाट्याने निघून गेला, तर टीव्हीवाल्यांनी दुसरा शोधून काढला. इकडे घरात चहात मीठ पडायला लागलं. दाराच्या चौकटीला त्यांचं कपाळ दोनदा आपटलं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, की मोतीबिंदू पार पिकलाय, आणखी लांबवलं तर ऑपरेशन अवघड होईल आणि नजर पूर्वीसारखी परत येईलच असं सांगता यायचं नाही. नवऱ्याने समजावलं, मी हातापाया पडले, नणंदेने फोनवरून रडून पाहिलं. शेवटी सासूबाईंनी स्वतःच तोड काढली. सासऱ्यांना म्हणाल्या, "तुम्ही शिट्टी वाजवा, मी उद्या जाते."

सगळा प्रश्न एका फुंकरीचा होता. मी सासऱ्यांना डोळ्यांनी खुणावत होते, की वाजवा आणि मोकळे व्हा. त्यांनी खिशातून शिट्टी काढली, सदऱ्याला पुसली, तोंडापर्यंत नेली आणि परत खिशात टाकली.

"वर जाऊन बघितल्याशिवाय कशी वाजवू?" ते म्हणाले.

इथेच घोडं अडलं. या माणसाने आयुष्यात एकदाही खोटी शिट्टी वाजवली नव्हती आणि सासूबाईंना हवी होती ती याच माणसाची शिट्टी. त्यांनी ती सहज वाजवली असती तर तिला किंमत काय राहिली असती, हे मला कळत होतं. तरी त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला.

आकाशात जाता येत नाही म्हणून सासरे एक मजला वर गेले. तिथे विज्ञानाच्या निवृत्त बाई राहतात. त्यांच्या खनपटीला बसून सासऱ्यांनी अशी चौकशी केली, जणू उद्या तिथेच सुरुंग लावायचाय. वर दगड किती, केवढे, कुठून कुठे जातात आणि त्यांच्यावर लक्ष कोण ठेवतं? बाईंनीही कित्येक वर्षांत असा विद्यार्थी पाहिला नव्हता. त्यांनी चहा ठेवला आणि सगळं सांगितलं. दगड अगणित आहेत, पण बहुतेक सगळे बारीक. मोठे फार थोडे. हे सासऱ्यांना लगेच पटलं, कारण एका धडाक्यात भुकटीचे ढीग निघतात, खडी त्याहून कमी आणि कपाटाएवढा धोंडा एखादाच. बारीक दगड खाली येताना हवेतच जळून जातात. बरेचसे मोठे मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात आपापल्या वाटेने फिरत असतात. एके काळी दगडांचा नुसता पाऊस होता, त्याचे वण चंद्राच्या तोंडावर अजून दिसतात, पण त्यातले बरेचसे तेव्हाच कुठे ना कुठे आदळून संपले. म्हणजे आता धूळ बसलीय, असं सासरे म्हणाले. गुरू हा आडदांड ग्रह काही दगड स्वतःवर घेतो, काहींना लांब भिरकावतो आणि एखाद्याला उलट आपल्याकडेही पाठवतो, हे ऐकल्यावर त्यांना त्यांचा जुना मुकादम आठवला.

शेवटी बाई म्हणाल्या, की जग उलथंपालथं करतील असे जवळपास फिरणारे मोठे दगड दुर्बिणीवाल्यांनी जवळजवळ सगळे हेरून ठेवलेत आणि त्यातला एकही येत्या शंभर वर्षांत आपल्यावर यायचा नाही.

"जवळजवळ म्हणजे?" सासऱ्यांनी विचारलं.

म्हणजे थोडे राहिलेत, असं बाईंनी प्रामाणिकपणे कबूल केलं. झालं. खाणीत जवळजवळ हा शब्द चालत नाही. शिट्टी खिशातच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत आले, तर समोरच्या मैदानावर सासरे पाठमोरे उभे. बाईंनी सांगितलं होतं, की पृथ्वी वाटाण्याएवढी धरली तर सूर्य मैदानाच्या पार त्या टोकाला जातो आणि डायनासोरांना मारणारा धोंडा धुळीच्या कणाहूनही बारीक होतो. सासऱ्यांनी आमच्या डब्यातला एक वाटाणा मैदानात मधोमध ठेवला होता आणि कडेला उभे राहून, डोळे मिटून, चिमटीतली वाळू कण कण करून भिरकावत होते. वाटाण्याला काही लागत नव्हतं. फिरायला आलेली माणसं थांबून बघत होती, एक कुत्राही बसला होता. मी सासूबाईंना हाताला धरून गॅलरीत आणलं. म्हटलं, बघा, बाबा तुमच्यासाठी काय करतायत. वाटाणा एवढासा, मैदान एवढं मोठं, दगड लागायचा कसा?

त्या कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, वाटाण्याचं सोड. मला हेही दिसत नाहीत."

मी खाली गेले आणि सासऱ्यांना तेवढंच सांगितलं. त्यांनी हातातली वाळू खाली टाकली आणि हात झटकले. मैदानातून वाटाणा शोधून खिशात घातला, शिट्टीशेजारी. घरी आल्यावर त्यांनी दवाखान्यात फोन लावला आणि मोठ्याने म्हणाले, "दोघांची ऑपरेशनं एकाच दिवशी घ्या. आधी माझं."

तेव्हा आम्हाला कळलं, की सासूबाईंबरोबर सासऱ्यांनीही डोळे तपासून घेतले तेव्हा त्यांच्या डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू निघाला होता आणि आधी तिचं होऊ दे म्हणत त्यांनी तो आमच्यापासून लपवला होता. ऑपरेशनला घाबरणारी माणसं घरात दोन होती. एकीने दगड पुढे केला होता, दुसऱ्याने बायको.

ऑपरेशनच्या दिवशी सासूबाई आल्या, पण नुसत्या सोबत म्हणून. तसं त्यांनी रिक्षात बसताना बजावलं होतं. आत जाताना नर्सने सासऱ्यांच्या खिशातल्या वस्तू काढायला लावल्या, तेव्हा शिट्टी सासूबाईंच्या मुठीत आली. दार बंद झालं. मी त्यांच्याशी काहीबाही बोलत होते, पण त्या ऐकत नव्हत्या. मूठ मांडीवर ठेवून दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. धडाक्यानंतर त्या कशा बसत असतील, ते मी त्या दिवशी पाहिलं.

सासरे बाहेर आले ते एका डोळ्यावर पांढरी पट्टी बांधून. बायकोसमोर उभे राहिले आणि हात पुढे केला. सासूबाईंनी त्या हातावर शिट्टी ठेवली. मग सासऱ्यांनी ती अशी वाजवली, की पलीकडच्या खोलीतलं बाळ रडायला लागलं आणि वॉचमन जिना चढून धावत आला. नर्स म्हणाली, आजोबा, हा दवाखाना आहे. आजोबांनी मान डोलावली. ते आतून सगळं बघूनच आले होते.

सासूबाई उठल्या. पर्स माझ्याकडे दिली आणि शिट्टी त्यांच्या हातातून परत घेतली. माझी जीभ गप्प बसेल तर शपथ. मी विचारलंच, "आई, आणि दगड?"

"तो पडेल तेव्हा पडेल," त्या म्हणाल्या. "इथलं यांनी बघितलंय."

आणि कोणाचाही हात न धरता त्या आत गेल्या.

मी सासऱ्यांना चहा आणून दिला. कप त्यांच्या हातात तसाच राहिला. उघड्या डोळ्याने ते दाराकडे बघत होते. मी म्हटलं, बाबा, चहा गार होतोय. त्यांना ऐकू आलं नाही. आयुष्यभर ते दाराच्या आतल्या बाजूला होते. बाहेर थांबणं त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं आणि त्यांना ते अजिबात जमत नव्हतं.

बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं. आधी नर्सचा वैतागलेला आवाज आला, आजी, अहो, हे इथे नाही करायचं. आणि मग शिट्टी. कधीच न वाजवलेल्या माणसाने वाजवावी तशी, अर्धी हवा आणि अर्धा आवाज.

सासऱ्यांनी तो गार चहा एका दमात पिऊन टाकला.