आईचं ऐकतील

नवरा गेल्यावर टेलरमावशींनी प्रार्थनाघराच्या मागच्या गल्लीत शिलाई मशीन टाकलं आणि एकटीच्या जिवावर मुलाला वाढवलं. सुरुवातीला धर्मगुरूंनीच चार घरी शब्द टाकून त्यांना काम मिळवून दिलं होतं. त्या उपकारांची जाण होती, म्हणूनच ते दुकानाची पायरी चढले तेव्हा मावशी मशीन थांबवून उठून उभ्या राहिल्या.

"बाई, सोमवारी नगरभवनात सुनावणी आहे," धर्मगुरू खुर्चीवर टेकले. "पुरुषाला पुरुषाशी, बाईला बाईशी लग्न करता यावं, असा कायदा येतोय. आपल्यातर्फे तुम्ही विरोधात बोला. माझं बोलणं लोक प्रवचन समजतात. आईचं ऐकतील."

मावशींनी मान डोलावली. नाही म्हणायला तोंडच उघडेना.

आतल्या खोलीत मुलगा होता आणि त्याच्याजवळ लंबू. लंबू चष्म्याच्या दुकानात कामाला होता. गल्लीच्या लेखी भाडेकरू. खरं काय ते मावशी जाणून होत्या, पण घरात कुणी ते कधी उच्चारलं नव्हतं.

धर्मगुरू गेल्यावर मुलगा बाहेर आला.

"काय बोलणार आहेस?"

"शिकवतील तेच."

"मग आम्ही दुसरीकडे जातो, आई."

"हळू बोल रे! भिंतीला भिंत लागून आहे."

रोज संध्याकाळी प्रार्थनाघरातली दोन माणसं येऊन मावशींकडून वाक्यं घोकून घेत. त्यांची चाहूल लागली की मावशी लंबूच्या होडीएवढ्या चपला कापडांच्या ढिगाखाली सारत. जेवण जाईना. एका शर्टाला त्यांनी बाही उलटी लावली.

सोमवारी नगरभवन खचाखच भरलं होतं. बाहेर घोषणा चालल्या होत्या. नाव पुकारलं तशा मावशी माईकपाशी गेल्या. पहिलं वाक्य त्या म्हणाल्या, "कुटुंब ही देवाची देणगी आहे." दुसरं होतं, अशा लोकांमुळे घरं मोडतात.

"पुढचं मला म्हणवत नाही," त्या माईकवर पुटपुटल्या. "माझ्या घरात असे दोघं राहतात. मोडलं नाही हो काही."

एकच गलका उसळला. कुणीतरी खुर्ची आपटली. धर्मगुरू उठले, मावशींचा दंड धरून गर्दीतून वाट काढत त्यांना मागच्या दाराशी घेऊन गेले.

"मला आधी सांगायचंत."

"भीती वाटली."

"कुणाची? माझी?"

"तुमचीच."

ते दंड सोडून आत परतले. पुन्हा दुकानात आले नाहीत.

कायदा काठावर मंजूर झाला. मुलाचं लग्न कचेरीत, चार माणसांत उरकलं. लंबू रडला, तेव्हा मावशींनी त्याला पदराआड घेतलं, पण त्याआधी खिडकीकडे पाहिलं. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. शटरवर एकदा डांबर फासलेलं होतं. मुलाच्या नजरेस पडू नये म्हणून त्यांनी उजाडायच्या आत ते घासून काढलं.

प्रार्थना त्यांनी सोडली नाही. आता शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसतात. शेजारची जागा रिकामीच असते. मागून कुणी खाकरलं तरी दचकतात, पण उठून जात नाहीत.