पोळ्याची जागा

आज त्याच्या नावाचा चौक आहे. फेटे झाले, सत्कार झाले, बोर्डावर हात जोडलेला फोटो झाला. तो बोर्ड दिसला की माझं तोंड कडू होतं. वर्ध्यात कोणाला सांगितलं तर म्हणतात, "सोड न आता, काय घेऊन बसला?" नाही सोडत, जा!

तो कापड दुकानदाराचा मुलगा, माझ्या वर्गातला. नव्वदनंतर बोरगाव मेघेच्या अंगानं शेतांचे प्लॉट पाडून लेआऊट पडू लागले, तसा यानं गज-कात्री सोडून शेतांच्या सौद्यांचा धंदा धरला. आधी स्कूटर, मग जीप, मग काळ्या काचांची गाडी. बोलणं तर असं गोड, की मुंग्या लागाव्यात. माझ्या बाबांना काका म्हणायचा.

आमचं शेत तिथंच गावाला लागून होतं आणि शेताच्या तोंडाशी मोकळी जागा. पोळा तिथंच भरायचा. साऱ्या गावाचे बैल तिथं उभे राहायचे, तोरण बांधायचा मान बाबांचा. बाबा शेत विकायला तयार झाले ते एकाच अटीवर, की तेवढी जागा मोकळी राहिली पाहिजे.

सौदा पक्का करायला तो आला पोळ्याच्या आदल्या दिवशी. बाबा अंगणात बैलांचे खांदे शेकत होते. यानं त्यांच्या हातातलं पळसाचं पान घेतलं, स्वतः तूप-हळद लावली आणि बैलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, या मुक्या जनावराची शपथ. पोळ्याच्या जागेले मी हात नाई लावणार." मग बाबांनी बैलांच्या कानात दरवर्षीचं आवतन दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

तो गेल्यावर मी म्हणालो, लिहून घ्या. बाबा भडकलेच. "खांदशेकणीच्या दिवशी बैलावर हात ठेवणाऱ्याले कागद मागू? लाज वाटते का नाई तुले?"

दोन-चार वर्षं पोळा भरला. मंडपही यानंच टाकला आणि प्लॉटच्या गिऱ्हाइकांना मोकळी हवा दाखवली. प्लॉट संपले, तसं त्या जागेवर लग्नकार्यांना भाड्यानं द्यायचं याचं लॉन उभं राहिलं. बाबा विचारायला गेले, तर हसून म्हणतो, "काका, नकाशात पोळा नसते."

शेत विकलं तरी बाबांनी बैलजोडी विकली नव्हती; त्या वर्षीही ते जोडी सजवून निघाले. नका जाऊ म्हटलं, पण ऐकतील तर ते बाबा कसले! गेटला कुलूप. ते रस्त्यावरच उभे राहिले, हातात आंब्याच्या पानांचं तोरण, मागून गाड्यांचे हॉर्न. तो आतून आला. मला वाटलं, उघडेल. त्यानं खिशातून नोट काढली आणि गजांतून बाबांच्या हातावर ठेवली. "घ्या काका, बोजारा."

पोळा फुटल्यावर बैल घेऊन दारी येणाऱ्याला देतात तो बोजारा. बाबांनी जन्मभर तो दिला होता, घेतला कधी नव्हता. पण तो नाकारला तर बैलाचा अपमान होतो. बाबांनी नोट कपाळाला लावली. आणि तो हलकट हसत होता!

पुढच्या वर्षी खांदशेकणीला बाबांनी तूप-हळद लावली आणि पळसाचं पान बाजूला ठेवलं. आईनं विचारलं, "आवतन काऊन नाई देलं?"

बाबा हात पुसत म्हणाले, "बोलावून नेऊ कुठी?"