बाजरीतली सीडी

आमच्या आष्टी तालुक्यातल्या गावात निवृत्ती दूध संस्थेत दुधाचं माप घ्यायचा. त्या दुष्काळात मापायला दूधच राहिलं नाही, आणि निवृत्तीचं पोट दुखायला लागलं. स्वादुपिंडात कॅन्सरची गाठ निघाली. पुण्यात अर्धं पिंड कापून काढलं.

आमच्याकडं पिंड म्हटलं की माणसाला दहाव्याचा कावळाच आठवतो. पारावर बद्रीनाथ म्हणाला, "बे निवृत्ती, तुझं पिंड डाक्टरनंच उचललं. आता कावळ्यानं काय शिवावं?"

"अर्धं ठिवलंय की त्याच्यासाठी," निवृत्ती म्हणाला.

पुढं तपासणीला नगरला पोटाचा स्कॅन केला. डॉक्टर पडद्याकडं बघत राहिले. रक्ताच्या नळीजवळ करडा डाग होता.

"ऑपरेशनचा वण असेल, नाहीतर आजार परतला असेल. एका फोटोवरून सांगता येत नाही. ऑपरेशननंतर पहिला स्कॅन केला होता ना, त्याची सीडी द्या. डाग तेव्हाही एवढाच असेल तर वण. वाढला असेल तर आजार."

निवृत्तीच्या बायकोनं, छबुबाईनं, पिशवीतून सीडी काढली. ट्रंकेत लुगड्याखाली जपलेली, फडक्यात गुंडाळलेली. डॉक्टरांनी ती लावली. पडद्यावर संस्थेचे चेअरमन सुंदरराव उभे राहिले, गळ्यात हार, आणि दुष्काळावर बोलायला लागले. त्यांच्या सत्काराची सीडी संस्थेनं सभासदांना घरोघर वाटली होती. बोनसऐवजी.

"अगं, मंग माझी कुठंय?"

"बाजरीत," छबुबाई खाली बघून म्हणाली.

"बाजरीत कावून?"

"पाखरांसाठी. लई चमकती वो ती."

डॉक्टरांनी सुंदररावांना बंद केलं. "आणा. असेल तशी आणा."

एस्टीतून उतरून छबुबाई तडक रानात गेली. रानात बाजरी गुडघ्याएवढी, कणसं बोटभर. सीडी काठीला सुतळीनं लटकत होती. छबुबाईनं सुतळी दातानं तोडली आणि लेकराचं तोंड पुसावं तशी सीडी पदरानं पुसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या कॉम्प्युटरनं ती दोनदा बाहेर टाकली, मग घेतली. डॉक्टर जुना फोटो नव्याशेजारी लावून डाग मोजत बसले. छबुबाईनं डोळे मिटले.

"तेवढाच आहे. वण दिसतोय. तरी तीन महिन्यांनी परत या. आणि दोन्ही सीडी आणा."

आता दोन्ही ट्रंकेत आहेत. बाजरीत सुंदरराव टांगलेत. पाखरं त्यांना भीत नाहीत. परवा तर एक कावळा काठीवरच येऊन बसला. छबुबाईनं ढेकूळ उचललं.

"ऊठ मेल्या! आजून येळ हाय!"