तात्यांच्या घरातल्या मुंग्या

ताथवड्यात माझ्या आत्याचं घरांचे नकाशे काढायचं ऑफिस आहे. शाळा सुटली की मी तिथेच जाते. आत्या म्हणते, कॉम्प्युटरवरच्या नकाशातली मापं, खोल्यांची नावं, टिपा कधी पुसायच्या नसतात. बाजूच्या यादीतली त्यांच्यापुढची टिक काढून टाकायची, की त्या दिसेनाशा होतात. टिक केली की परत हजर! ऑफिसातल्या किस्स्यांचंही तसंच आहे. चहा आला की एकेकापुढे टिक पडते.

*

गणेशदादा आत्याच्या हाताखाली नवीन होता तेव्हा त्याने चुकून खोल्यांच्या नावांची टिक काढली. नावं गायब! आत्या साइटवर गेलेली. बिचाऱ्याने दुपारभर बसून सगळी नावं नव्याने टाइप केली. संध्याकाळी आत्याने येऊन टिक परत केली, तर जिथे तिथे "किचन किचन", "बेडरूम बेडरूम".

आत्या म्हणाली, "गणेश, खोल्यांना हाका मारतोयस का रे?"

*

माण गावचे तात्या बंगला बांधायचा म्हणून बायकोला, म्हणजे काकूंना घेऊन आले, तेव्हा आत्याने मला डोळ्यांनीच सांगितलं, नीट बस. आजवर आम्ही फ्लॅटमधल्या भिंती इकडच्या तिकडे केल्या होत्या. अख्खा बंगला पहिलाच. हे काम आत्याला हवंच होतं.

तात्यांनी नकाशा जवळ घेतला, लांब धरला. "मॅडम, घर झ्याक हाय. पर ह्या मुंग्या कशाच्या?"

ती मापं होती! आत्याने टिक काढून दाखवलं. तात्या खूश. मग म्हणाले, "पर खोली केवढी, ते कुठं गेलं?" आत्याने टिक केली. "आल्या का परत!" असं चार वेळा झालं. शेवटी तोडगा तात्यांनीच काढला, "मुंग्या ऱ्हाऊ द्या. पर कामाच्याच."

*

पुढच्या खेपेला तात्या नकाशात घराबाहेर ओळीने काढलेले गोल मोजू लागले. त्या गोलांत खांबांच्या ओळींचे नंबर असतात. मोजून झाल्यावर तात्या गंभीर झाले. "सात इहिरी? आमच्या अख्ख्या वावरात एकच हाय!"

गणेशदादा हसू दाबत बाहेर पळाला. आत्याने शांतपणे गोलांची टिक काढली.

"अवो, एक तरी ठेवायची!"

*

मला लोकांसमोर बोलता येत नाही. म्हणून आत्याने माझ्यासाठी वेगळ्या गुलाबी टिपा करून दिल्या. नकाशात काही खटकलं की मी तिथे लिहायचं, आणि प्रिंट काढताना त्यांची टिक काढायची, म्हणजे बाहेर कुणाला दिसत नाही.

एकदा मी लिहिलं, "हे दार उघडलं की फ्रिजवर आपटेल." दुसऱ्या दिवशी खाली उत्तर होतं, "ऑडिटर मॅडम, फ्रिज सरकवला आहे. गरिबाला माफ करा. - गणेश."

त्याच्याखाली आत्या, "दोघांनी आपापला अभ्यास करा."

*

काकू दर वेळी यायच्या, पण कोपऱ्यात बसून नुसता चहा घ्यायच्या. एकदाच हळूच मला म्हणाल्या, "पोरी, सैपाक करताना म्हशी दिसत्याल का गं?" नकाशात गोठा मागे होता आणि किचनची खिडकी पुढे. मी ते गुलाबी टिपेत लिहून ठेवलं. आत्या घाईत होती, तिने वाचलंच नाही.

शेवटच्या मीटिंगला तात्यांचा पुतण्या दुसऱ्या ऑफिसातून बंगल्याचं रंगीत चित्र घेऊन आला. "काका, हे बघा. ह्याच्यावर एक मुंगी न्हाई!"

आत्याचा चेहरा उतरला. गणेशदादाने धावत जाऊन आमच्या नकाशाची मोठी प्रिंट आणली आणि टेबलावर पसरली. घाईत त्याने एकूण एक टिक चालू ठेवली होती! किचनवर माझी गुलाबी टीप, पुतण्याने ती मोठ्याने वाचली, "काकूंना स्वयंपाक करताना म्हशी दिसायला हव्यात. खिडकी भलत्याच बाजूला आहे."

आत्याने डोळे मिटले. मी माझ्या बुटांकडे बघत राहिले.

तात्या काकूंकडे वळले. "तू आसं म्हनली व्हतीस?"

"व्हय."

"मला न्हाई कधी सांगितलं!"

"तुमी मुंग्या मोजत व्हता."

तात्यांनी नकाशातल्या किचनवर बोट ठेवलं. मग आत्याला म्हणाले, "खिडकी फिरती का?"

"फिरते की!"

"मग फिरवा." आणि पुतण्याला म्हणाले, "तुझं चित्र घे गुंडाळून."

गणेशदादा ओशाळून पुढे झाला. "मॅडम, ती टीप काढून दुसरी प्रिंट आणतो."

काकूंनी कागदावर हात ठेवला.

"बाकीचं काय ते काढा. येवढी मुंगी ऱ्हाऊ द्या."