काहिलीचा हात

मांजरेकाठच्या आमच्या गावात कुणी नदी ओलांडायला आलं की माणिकअप्पा त्याला आधी डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायचे. वजनाचा अंदाज घ्यायचे आणि मगच काहिलीतली जागा सांगायचे. गूळ करायची ती लोखंडी काहील हीच आमची होडी. एका फळीनं पुढचं पाणी स्वतःकडे ओढत अप्पा ती पलीकडे न्यायचे. मी बौद्ध वस्तीतला. एकदा मला गावच्या पाटलांशेजारी बसवलं म्हणून ते कुरकुरले.

"काहिलीला नुसतं वजन कळतंय, पाटील," अप्पा म्हणाले. "उतरताव का?"

पाटील धोतर आवरून तिथंच बसून राहिले. त्या काहिलीनं मला पावसाळ्यातही शाळेला पोचवलं, म्हणून मी पदवीधर झालो.

पुढं पूल झाला. काहील अंगणात पालथी पडली. सुट्टीत भेटलो की अप्पा विचारायचे, "आता ह्या हातांचं काय करू रं, मास्तर?" मी तेव्हा कारवारकडे, खाडीकाठच्या वीसेक घरांच्या वस्तीत शिक्षक होतो. एका दिवाळीनंतर त्यांना चार दिवसांसाठी सोबत नेलं.

त्या खाडीत पाणमांजरं होती. दोन वर्षांत मला त्यांच्या शेपट्याच काय त्या दिसल्या होत्या. वल्ह्याचा आवाज झाला की ती बुडी मारत. सकाळी सांतू कोळ्याच्या अरुंद होडीतून निघालो. अप्पांनी वल्हं मागून घेतलं, पुढच्या टोकाला उकिडवे बसले आणि काहिलीसारखं पाणी ओढू लागले. होडी गरकन फिरून झुडपात घुसली.

काहिलीची गोष्ट माझ्याकडून ऐकलेल्या सांतूला हसू आवरेना. "आजोबा, व्हडी ही! कढय न्हय!"

अप्पांचा चेहरा उतरला. ते वल्हं परत करू लागले.

"अप्पा, अजून एकदा," मी म्हणालो.

"कामून हसं करायलास रं माझं?"

पण वल्हं त्यांनी सोडलं नाही. आता सांतूनं मागून होडी सरळ धरली. अप्पा वल्हं पाण्याबाहेर न काढता ओढत राहिले. ना आवाज, ना शिंतोडा. वळणावर खडकावर एक मादी दोन पिल्लांना घेऊन मासा खात होती. तिनं आमच्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाऊ लागली.

"लेकुरवाळी हाय," अप्पा कुजबुजले. "जवळ नगं जायला."

दुसऱ्या दिवशी उजाडताच सांतू वल्हं घेऊन दारात उभा. "आजोबा, तो हात माका दाखयता?"

अप्पा तीन आठवडे राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. गावाहून परतल्यावर मी सांतूला सांगितलं, तेव्हा तो होडीतच होता. पुढच्या टोकाला जाऊन उकिडवा बसला आणि आवाज न करता पाणी स्वतःकडं ओढू लागला.