चौघांचं टेबल

गिरिधररावांनी आयुष्यभर लोकांच्या जागा मोजल्या. भूमापन खात्यातली नोकरी. कळमेश्वर, मौदा असं जिल्हाभर फिरून भावाभावांतली बांधावरची भांडणं त्यांनी साखळी टाकून मिटवली. निवृत्त झाल्यावरही खोड गेली नाही. कुणाकडे गेले की चहा येईपर्यंत खोलीची लांबी-रुंदी नजरेनं काढून मोकळे. बरं, काढली तर काढली, वर सांगायचीही! "तुमचा हॉल बाराचा म्हणता, सव्वाअकराच्या वर नाही बापा." अशा माणसाला पुन्हा चहाला कोण बोलावणार?

तेव्हा मुलानं, अपूर्वनं, त्रिमूर्तीनगरातलं घर वाढवायचं ठरवलं आणि मुग्धा नावाच्या इंटिरियर डिझायनरला घेऊन आला, तो दिवस गिरिधररावांसाठी सणाचाच होता. स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडायची, मागच्या सांदवाडीची, म्हणजे घरामागच्या मोकळ्या पट्ट्याची, बरीचशी जागा आत घ्यायची आणि बैठक, जेवण, स्वयंपाक असं सगळं एकाच मोकळ्या जागेत करायचं, असा बेत होता. फूट आणि इंच कळणारं माणूस घरात आलं म्हणून गिरिधररावांना कोण आनंद.

मुग्धाची कामाची पद्धत वेगळी होती. टेप काढण्याआधी ती माणसांना विचारायची. सकाळी पेपर कोण कुठं वाचतं, पाहुणे आले तर कुठं बसतात, संध्याकाळी कोण कुठल्या कोपऱ्यात असतं. सगळ्या प्रश्नांची उत्तरं गिरिधररावांनीच दिली. दुसऱ्या कुणाला तोंड उघडायला त्यांनी फट ठेवली असती तर ना!

"आणि काकूंना काय हवंय?" मुग्धानं विचारलं.

"तिचं काही नाही. तिले काय, ओटा मोठा करून द्या, झालं."

"जेवायला किती जण असता?"

"चौघं," गिरिधरराव म्हणाले. एका दमात म्हणाले, विचारसुद्धा करावा लागला नाही. ते स्वतः, अपूर्व, सून अदिती आणि नात अश्लेषा, अशी नावंही सांगून टाकली. सून आपल्या बरोबरीनं टेबलाशी बसते, याचा तर त्यांना अभिमान होता. चारचौघांत ते तो बोलूनही दाखवत.

पुढच्या रविवारी मुग्धानं नव्या घराचं चित्र टीव्हीवर लावलं. घरात घरची माणसंही काढून दाखवायची तिची रीत होती. टेबलाभोवती चार खुर्च्या, खुर्च्यांवर चौघं. गिरिधरराव तर चष्म्यासकट हुबेहूब होते. सगळे हसले. मग मुग्धानं टीव्हीकडं पाहिलं, दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या काकूंकडं, चारुशीलाबाईंकडं पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. "काका, तुम्ही चौघं म्हणाला होतात ना?"

गिरिधररावांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. चाळीस वर्षं ज्या बाईच्या हातची तव्यावरची पोळी खाल्ली, ती बाई त्यांनी मोजलीच नव्हती.

वाचवलं तेही तिनंच. "बरोबरच सांगितलं त्यांनी," चारुशीलाबाई ट्रे ठेवत म्हणाल्या. "मी कुठं बसते टेबलावर? गरम पोळ्या कोण वाढन मग?" आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर गिरिधररावांना भांडता तरी आलं असतं. सुनेसमोर, त्या परक्या पोरीसमोर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा त्यांनी खाली मान घालून प्यायला.

पण गडी स्वस्थ बसणारा नव्हता. मुग्धाला त्यांनी स्वतः फोन केला. टेबल मोठं करायचं, खुर्च्या पाच, आणि खिडकीसमोरची मानाची खुर्ची चारुशीलाची. पोळ्या आधी करून डब्यात ठेवायच्या, सगळ्यांनी बरोबर बसायचं. केलेली चूक निस्तरल्याच्या समाधानात ते बांधकाम होईपर्यंत जरा टेचातच वावरले.

घर झालं, भिंत गेली, उजेड आला. चारुशीलाबाईंना खुर्चीत बसवण्यात आलं. त्या पदर सावरून, पाठ न टेकता बसल्या. अर्धी पोळी खाल्ली आणि म्हणाल्या, झालं.

"घे ना वं, लाजून काहून राहिली? आपलंच घर होय," गिरिधरराव म्हणाले. आल्यागेल्याला ते अगत्यानं सांगत, "ही हिची खुर्ची." चारुशीलाबाई रोज त्या खुर्चीत बसत आणि रोज अर्ध्या पोळीवर उठत. वयानं भूक कमी झाली असेल, असं गिरिधररावांनी ठरवून टाकलं.

एका दुपारी ते पेन्शनच्या कामाला बँकेत गेले. सर्व्हर बंद होता, म्हणून लवकर परतले. घरात कुणी दिसेना. मागून हसण्याचा आवाज आला. खळखळून हसत होतं कुणीतरी.

सांदवाडीच्या उरलेल्या पट्ट्यात, वॉशिंग मशीनच्या आड, चारुशीलाबाई पाटावर पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर ताट, ताटात सकाळच्या पोळ्यांचा भलामोठा कुस्करा, वर जवसाची चटणी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. फोनवर खापा गावची बहीण बोलत होती आणि या तोंडात घास घेऊन हसत होत्या. इतकं मोठ्यानं हसताना गिरिधररावांनी त्यांना कधी पाहिलं होतं, ते आठवेना.

नवरा दिसला मात्र, फोन बंद झाला, पाय आत गेले, ताट पदराखाली झाकलं गेलं. "आले का जी तुम्ही? चहा ठेवते."

"इथं काहून बसली? तिकडं खुर्ची आहे ना तुझी."

"तिकडं सारे पाहत राहतात," त्या खाली बघत म्हणाल्या. "पहिले तुमची जेवणं झाली की मी भिंतीआड मस्त जेवत होती. पाय पसरून, पोटभर. तुम्हाले वाटलं, मी उपाशी राहून राहिली."

"मग सांगितलं काहून नाही?"

प्रश्न तोंडातून निघाला आणि उत्तर त्यांचं त्यांनाच कळलं. आधी या बाईला त्यांनी मोजलं नाही, आणि मोजलं तेव्हा जेवायची तिची एवढीशी जागा पाडून टाकली. दोन्ही वेळा विचारलं नाही. गिरिधररावांना स्वतःची इतकी लाज वाटली की तिथून हलावं की थांबावं, हेही कळेना.

"बरं, आता सांग," ते कसेबसे म्हणाले. "तुले काय पाहिजे?"

चारुशीलाबाईंनी खरोखर विचार केला. पदराखालचं ताट त्यांनी पुन्हा उघडं केलं.

"आत जाता का जरा?" त्या म्हणाल्या. "जेवण व्हायचं आहे माझं."

गिरिधरराव आत आले. एवढं मोठं, मोकळं घर; तोंड लपवून बसावं असा एक आडोसा त्यांना त्यात सापडेना.