मामाचा पतंग

माझा मामा जंगलात रखवालदार. नोकरीची निम्मी वर्षं त्याने सावलीत बसून काढली, असं मामी म्हणते. उरलेली निम्मी सावली शोधण्यात गेली, असं मी म्हणतो. त्याच सावलीत एकदा एक संशोधक बाई आल्या आणि मामाच्या नाकासमोरच्या चिलटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा पतंग आहे. दिवसा उडतो. फक्त इथलाच."

तिळाएवढा जीव. उन्हाच्या कवडशात तांब्याच्या कणासारखा चमकायचा. कवडसा सरकला की गायब. त्याच्या अळ्या खोडांवरचं ओलं शेवाळ खातात. सावली गेली की शेवाळ वाळणार, शेवाळ वाळलं की खेळ खलास. मामाला आयुष्यात पहिल्यांदाच राखण्यासारखं काहीतरी सापडलं. त्याने स्वतःच्या हाताने पाटी रंगवली: 'येथे दिवसा पतंग उडतात. सहकार्य करावे.'

लोकांनी सहकार्य केलं. रविवारी मांजा-फिरकी घेऊन पोरंटोरं, त्यांचे बाप, सगळे हजर. झाडाझाडाला कागद लटकले.

"अहो, हा पतंग नव्हे, तो पतंग!" मामा ओरडत होता.

"तो कुठला?"

"दिसत नाही तो!"

"मग काटला असेल कुणीतरी," एक गृहस्थ हळहळले.

गोष्ट साहेबांपर्यंत गेली. साहेब दिलदार. जागेवर येऊन म्हणाले, "लोकांना एवढी हौस आहे, तर ही झाडं मध्ये कशाला? उद्या तोडून मैदानच करून टाकू." मामाने खरा पतंग दाखवायची धडपड केली. साहेबांनी डोळे बारीक केले आणि नेमका ढग आला.

"झालात ना खरेखुरे मामा!" घरी मामी म्हणाली. "पाकोळी लिहिलं असतं तर हात झिजले असते का?"

खोटं बोलायला जी मेहनत लागते, ती मामाने आजवर टाळली होती. पण सकाळी पाटीवर नवा मजकूर होता: 'सावधान! येथे विषारी साप आहे.'

झाडं तोडायला आलेले मजूर पाटी वाचून मागे फिरले. साहेबांनी गाडीतूनच विचारलं, "केवढा आहे?" मामाने दोन्ही हात पसरले, ते पुरेनात म्हणून मला दुसऱ्या टोकाला उभं केलं. साहेबांनी काच वर केली.

मैदान दुसरीकडे झालं. शेवाळ ओलं आहे, पतंग मजेत आहे. फक्त मामा आता त्या सावलीत बसत नाही. काठी आपटत येतो आणि लांबच्या दगडावर बसून कवडसा बघतो.

"मामा, अरे साप तर तूच सोडलास ना?"

"हो रे," पाय वर घेत तो म्हणतो, "पण एवढी माणसं म्हणतायत, म्हणजे काहीतरी असेलच की."